‘मातीच तर आहे!’ : बेंटोनाइटबद्दलचे समज

मेट्रोच्या किंवा मोठ्या पुलाच्या कामाशेजारून जाताना राखाडी, बुळबुळीत चिखलाने भरलेल्या टाक्या बहुतेकांनी पाहिल्या असतील. पाण्यात कालवलेले बेंटोनाइट, म्हणजेच ‘स्लरी’, ती हीच. पायलिंगसाठी, म्हणजे पायाच्या खोल खांबांसाठी, खोदलेल्या भोकाची भिंत ढासळू नये म्हणून ते भोकात भरून ठेवतात. मग ट्रेमी पाइपने तळापासून काँक्रीट भरत आणले की बेंटोनाइट वर ढकलले जाते आणि पुन्हा टाकीत येते. रस्ता न फोडता खालून केबल किंवा गॅसची पाइपलाइन ओढतानाही तेच वापरतात. आपल्याकडे ते मुख्यतः कच्छमधून येते, थोडे राजस्थानातल्या बाडमेरकडून. कच्छच्या साठ्यांचा उगम दख्खनच्या बेसाल्ट खडकाशी, म्हणजे आपल्याच पायाखालच्या काळ्या पाषाणाशी जोडलेला आहे.

साइटवर आणि आसपास त्याबद्दल दोन टोकांची मते आढळतात. बहुतेकांना ते निव्वळ माती वाटते. थोड्यांना, विशेषतः शेजारच्या रहिवाशांना, ते भयंकर केमिकल वाटते. दोघांचेही चुकते, कारण बेंटोनाइटचा धोका ते कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरतो. कोरडी पूड, ताजी स्लरी आणि वापरून परत आलेली स्लरी ही सुरक्षिततेच्या दृष्टीने तीन वेगळी प्रकरणे आहेत.

‘मुलतानी मातीसारखंच असतं, लोक तोंडाला लावतात’

नातेसंबंध खरा आहे. दोन्ही माती शोषून घेणाऱ्या गटातल्या, आणि बेंटोनाइट सौंदर्यप्रसाधनांतही असते. पण त्वचेवर ओला लेप देणे वेगळे आणि पूड श्वासावाटे फुप्फुसात जाणे वेगळे. बेंटोनाइटचा मुख्य घटक मॉन्टमोरिलोनाइट. त्याच्यासोबत खाणीतून क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकी सिलिकाही येते. किती, ते खाणीगणिक बदलते. काही मालात नाममात्र, काहीत काही टक्के. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला 1997 साली पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, टाकले. त्याआधीचा आणि अधिक ओळखीचा आजार सिलिकोसिस. तो बरा होत नाही, आणि धूळ थांबली तरी काहींच्या फुप्फुसात वाढतच राहतो. आपल्याकडे तो कित्येकदा क्षय म्हणून उपचारात जातो. गुंतागुंत अशी की सिलिकाच्या धुळीमुळे क्षयाची शक्यता स्वतंत्रपणेही वाढते.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब. अमेरिकेने 2016 मध्ये ठरवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने हवेच्या घनमीटरमागे 50 मायक्रोग्रॅम श्वसनीय सिलिका अशी आहे. दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीत ही मर्यादा सुमारे 1.4 मिलिग्रॅमला भरते. स्वयंपाकघरातली चिमूटभर मिठाची पूडही याहून कितीतरी पट जड. शिवाय फुप्फुसात खोल जाणारे कण काही मायक्रॉनचे, सुटे सुटे डोळ्यांना न दिसणारे. पोते रिकामे करताना उठलेला ढग खाली बसला, हवा स्वच्छ दिसू लागली, तरी नेमके घातक कण अजून तरंगत असतात. ‘धूळ दिसत नाही, म्हणजे नाही’ ही समजूत म्हणून सगळ्यात महागात पडते.

आपल्या कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहे. तरीही पायलिंगच्या साइटवर बेंटोनाइटच्या गोणीवरचे किंवा तिच्यासोबतचे सुरक्षा माहितीपत्रक कुणी वाचलेले दिसणे विरळा. त्यात सिलिकाचे प्रमाण दिलेले असते. साइटवरच्या भाषेत ते ‘एमएसडीएस’. फायलीत असते, मिक्सरजवळ नसते. ते मिक्सरजवळ लावायला पैसे लागत नाहीत.

‘तोंडाला रुमाल बांधला की झालं’

रुमाल, उपरणे किंवा साधा कापडी मास्क जाड धूळ थोडीफार अडवतो. बारीक कण विणीतून आणि मुख्यतः कडेच्या फटींतून आत येतात. एन-95 किंवा त्या तोडीचा मास्क लागतो, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. दाढी असेल तर फट राहतेच.

पण मास्क ही शेवटची फळी आहे. त्याआधी कामाची रीत सुधारली तर अर्धी धूळ उठतच नाही. हेल्पर गोणी खांद्याएवढ्या उंचीवरून हॉपरमध्ये उपडी करतो, तेव्हा बरीच पूड हवेत जाते. गोणीचे तोंड हॉपरच्या काठाला टेकवून, कमी उंचीवरून, हळू रिकामी केली की फरक डोळ्यांनी दिसतो. वाऱ्याच्या दिशेकडे पाठ हवी. शक्य असेल तिथे पूड पाण्याच्या वेगाने खेचून घेणारा बंदिस्त हॉपर वापरावा. सगळ्यात वाईट सवय म्हणजे रिकामी गोणी शेवटी झटकणे. ती आत दुमडून, गुंडाळून ठेवायची असते. पुन्हा काही भरायला घरी न्यायची नसते.

गोणीचे वजन हाही विषय आहे. बेंटोनाइट बहुतेक 50 किलोच्या गोणीत येते. बांधकाम कामगारांसाठीच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत प्रौढ पुरुषाने एकट्याने उचलण्याची मर्यादा 55 किलो, स्त्रीसाठी 30 किलो होती. म्हणजे ही गोणी पुरुषासाठी काठावर बसते आणि स्त्रीसाठी मर्यादेच्या बरीच पलीकडे.

‘पूड सांडली तर पाणी मारा’

चुकूनही नको. सोडियम बेंटोनाइट पाणी पिऊन स्वतःच्या आकारमानाच्या अनेक पट फुगते आणि जमिनीवर असा घसरडा थर तयार होतो की गमबूट घालूनही उभे राहता येत नाही. आधी कोरडी पूड अलगद गोळा करायची, झाडूऐवजी व्हॅक्यूमने घेता आली तर उत्तम. मग उरलेला पातळ थर धुवायचा. झाडूच वापरायचा तर मास्क घालून, आणि हलक्या हाताने. डोळ्यांत गेली तर चोळायचे नाही, कणांनी बुबुळावर ओरखडे पडतात. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचे आणि जळजळ राहिलीच तर डॉक्टरकडे जायचे.

‘स्लरी झाली, आता धोका संपला’

धुळीपुरते हे खरे आहे. ओलीतून सिलिका उडत नाही. पण टायरांना लागून रस्त्यावर गेलेला चिखल दुपारपर्यंत वाळतो आणि पुन्हा धूळच होतो. गेटवर टायर धुतात ते शेजाऱ्यांनी तक्रार करू नये एवढ्यासाठीच नव्हे.

दुसरा धोका स्लरीच्या मुळातल्या स्वभावातून येतो. ढवळली की ती वाहते, थांबली की जेलीसारखी घट्ट होते. सेटलिंग टँकमध्ये किंवा काँक्रीटची वाट पाहत भरून ठेवलेल्या पाइलच्या भोकात तिचा पृष्ठभाग जमिनीसारखाच दिसतो, वर धूळ बसली की आणखीच. ते भोक दहा-वीस मीटर खोल असू शकते, कडा गुळगुळीत, आधाराला काही नाही. म्हणून भोकावर जाळी आणि टाकीभोवती कठडा हवाच. ‘आता पाच मिनिटांत पोअरिंग आहे’ हे कारण चालत नाही. काम नसताना शेजारची मुले आणि कुत्री तिथे फिरकतात, हे लक्षात घेऊनच कुंपण घालावे.

तिसरा धोका फार कमी लोकांना ठाऊक असतो. ताजी स्लरी सौम्य अल्कधर्मी, पीएच नऊ-दहाच्या आसपास. काँक्रीट ओतताना वर आलेली स्लरी सिमेंटच्या संपर्कात आलेली असते आणि तिचा पीएच बाराच्या वर जाऊ शकतो. त्यात हात बुडवून ‘मातीच आहे’ म्हणणारा कामगार खरे तर सिमेंटच्या पाण्यात हात घालत असतो. सिमेंटचा भाजल्यासारखा चटका लगेच दुखत नाही, संध्याकाळी कळतो. स्लरी सुधारायला सोडा अॅश मिसळतात, तीही अल्कधर्मी. अशा वेळी विणलेले सुती हातमोजे काहीच कामाचे नाहीत; ओले झाले की तेच चिखल त्वचेला धरून ठेवतात. रबर किंवा नायट्राइलचे हवेत. भिजलेले कपडे आणि गमबुटाच्या आत गेलेली स्लरी तिथेच धुऊन काढावी. पीएच पट्ट्या गुणवत्ता तपासायला साइटवर असतातच, त्याच सुरक्षेलाही वापरता येतात.

‘पातळ वाटतंय? अजून चार गोण्या टाका’

मुंबईत खाडीकाठच्या कामांवर हा प्रसंग हमखास येतो. बेंटोनाइट गोड्या पाण्यात फुगते. खाऱ्या पाण्यात त्याचे कण एकत्र गोळा होऊन खाली बसतात. टँकरचे पाणी खारवट असेल तर कितीही पूड ओता, स्लरी घट्ट होत नाही, आणि प्रत्येक जादा गोणीसोबत जादा धूळ उठते. स्लरीचा दाटपणा मोजायच्या नरसाळ्यातून, म्हणजे मार्श फनेलमधून, स्वच्छ पाणी 26 सेकंदांत जाते. स्लरीला साधारण तीस ते साठ सेकंद लागावेत. तेवढे लागत नसतील तर आधी पाणी तपासावे. तसेच कालवल्यावर काही तास ती फुगू दिली पाहिजे. घाईने लगेच वापरली तरीही पातळच वाटते आणि मग गोण्या वाढतात.

‘हे केमिकल आहे, नाल्यात गेलं की मासे विषाने मरतात’

आणि याचा उलटा समज: ‘मातीच आहे, नाल्यात सोडली तर काय बिघडलं?’ दोन्ही एकत्रच पाहिले पाहिजेत.

बेंटोनाइट स्वतः विषारी नाही. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या विहिरी खोदण्यासाठीचे बेंटोनाइट तपासायला मानक आहे. पण विष नसलेली गोष्टही मासे मारू शकते. पाण्यात तरंगणारी ही बारीक माती माशांच्या कल्ल्यांत अडकते, तळावर बसून अंडी आणि किडे झाकून टाकते, सूर्यप्रकाश अडवते. आणि इतकी बारीक असते की कित्येक दिवस खाली बसत नाही. पावसाळी गटारात सोडली तर तिथे थर धरते आणि पहिल्याच मुसळधार पावसात त्या गल्लीत पाणी तुंबते. वापरलेल्या स्लरीत सिमेंट आणि डिझेल मिसळलेले असेल तर ती निव्वळ बेंटोनाइट राहिलेली नसते.

जमिनीखालून आडवे ड्रिलिंग करताना दाब वाढला की स्लरी फटींमधून भलत्याच ठिकाणी, कधी थेट ओढ्याच्या पात्रात, वर येते. अशा वेळी पंप बंद करून गोण्यांचा बांध घालावा आणि सक्शन टँकरने उपसावे. तशी तयारी खोदकामापूर्वीच काठावर हवी, नंतर फोनाफोनी करून नव्हे.

साइटवर डीसँडरने वाळू वेगळी करून स्लरी पुन्हा वापरता येते. जी टिकत नाही तिच्यातले पाणी काढून घट्ट गोळा करून, तपासून, ठरलेल्या जागीच टाकावा लागतो. ‘फुकटची माती’ म्हणून जवळच्या शेतात ओतून देणारे टँकरवाले असतात. ओली असताना ही स्लरी जमिनीत पाणी मुरू देत नाही आणि वाळल्यावर भेगाळते. शेतकऱ्याने होकार देण्याआधी हे विचारावे की स्लरी सिमेंटच्या संपर्कात आलेली आहे का, आणि तिचा पीएच किती.