परदेशी नोकरी : आधी परवाना, मग पैसा
१९८२ च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आज तिथली शिकलेली मुले नोकरीसाठी, ट्रेनिंगसाठी परदेशाकडे पाहतात. आम्ही कापडवाले थान उलगडल्याशिवाय पैसे मोजत नाही. तोच नियम इथे लावा.

१९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे एजंटाकडे सरकारी परवाना हवाच. त्याचा नंबर ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर ताडून पाहा. फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही, पावती मागा. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ’ म्हणणाऱ्याला सलाम करून उठा. ट्रेनिंग असेल तर पगार व मुदत करारात लिहून घ्या. कारण व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. नोकरी सुटली की मुक्कामही संपू शकतो.

आईचे दागिने मोडण्याआधी कागद वाचा.