लाल न होणारा धातू

संपादकांचा निरोप एवढाच होता : उन्हाळा लागलाय, एसीवर काहीतरी द्या. म्हणून पुण्यातल्या एका बोळातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो आणि दोन तास नळ्या सांधायच्या एका कांडीपाशी अडकून पडलो. राखाडी रंगाची, सायकलच्या स्पोकएवढी जाड, पोटात पांढरी पूड. मामा (सगळं दुकान त्यांना मामाच म्हणतं) तिला ‘फ्लक्सवाला रॉड’ म्हणतात.

सोनाराचा टाकणखार, कल्हईवाल्याचा नवसागर, तशीच ही पूड, म्हणजे फ्लक्स. अ‍ॅल्युमिनियम कितीही घासा, हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. धातू वितळतो ६६० अंश सेल्सिअसला, पापुद्रा दोन हजारांच्याही पुढे. तो पापुद्रा काढणारी पूड नसेल, तर वितळलेली कांडी अळवावरच्या पाण्यासारखी घरंगळते. पूर्वीचे क्लोराइडचे फ्लक्स धुवायचे राहिले की सांधाच खाऊन टाकत. १९७०च्या दशकात अल्कॅन कंपनीनं पोटॅशियम फ्लुओरोअ‍ॅल्युमिनेटचा ‘नोकोलोक’ आणला. तो गंज चढवत नाही, म्हणून धुवावाही लागत नाही. इतिहास इथेच पुरे, कारण मामांनी टॉर्च पेटवला होता.

तांब्याची नळी तापली की लाल होते, कारागिराला सावध करते. अ‍ॅल्युमिनियम शेवटपर्यंत पांढरंच राहतं आणि मग एकाएकी खाली बसतं. बारा टक्के सिलिकॉनची कांडी ५७७ ते ५८२ अंशांना वितळते, तर एसीच्या कॉइलची नळी ६४०च्या आसपास ढासळू लागते. हातात उरतात जेमतेम साठ अंश. म्हणून मामा जस्ताची कांडी वापरतात : ७८ टक्के जस्त, २२ टक्के अ‍ॅल्युमिनियम. ती ४२६ अंशांना मऊ पडू लागते, ४८२ला पूर्ण पातळ होते. तिच्या पोटातला फ्लक्स सीझियमचा.

ज्योत कांडीवर धरायची नाही, नळीवर फिरवत ठेवायची. मध्येच कांडी टेकवून बघायची. पूड आधी कोरडी, मग बुडबुडते, मग पाण्यासारखी नितळ होते. तोच मामांचा थर्मामीटर. पुढच्या श्वासात धातू नळीभोवती सरकला आणि चकचकीत कडं तयार झालं. मी नकळत ‘वा!’ म्हणालो. मामांनी वर पाहिलं नाही. त्यांची ज्योत केव्हाच बाजूला झाली होती.

मग अडचणी निघाल्या. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत मॅग्नेशियम जास्त असेल, तर फ्लक्स त्याच्यापुढे हात टेकतो, आणि भंगारातून आलेल्या तुकड्यावर घटक थोडेच लिहिलेले असतात? तांबं-अ‍ॅल्युमिनियमचा सांधा तर आणखी नाजूक : जिथे हे दोन भिडतात तिथे ५४८ अंशांनाच ते एकमेकांत वितळतात, म्हणून सिलिकॉनची कांडी तिथे धोक्याची. जमला तरी समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेत अ‍ॅल्युमिनियमची बाजू झिजते. सांध्यावर घट्ट स्लीव्ह चढवायची, पाणी शिरू द्यायचं नाही.

मला काळजी वाटली ती धुराची. फ्लक्समध्ये फ्लोराइड, आणि कॉइलमध्ये जुना गॅस उरला असेल तर ज्योतीत त्याचंही विष होतं. भिंतीवरचा पंखा मात्र बंद. वाऱ्यानं ज्योत हलते, असं मामांचं म्हणणं.

शेवटी नायट्रोजन भरला, साबणाचा फेस लावला. नवं कडं कोरडं राहिलं. बोटभर अंतरावर, जुन्या नळीवर, एक फुगा हळूहळू मोठा होत गेला. मामांनी पुन्हा ब्रश उचलला.