भारतीय हॉकीतील पिढीबदल

भारतीय हॉकीतील पिढीबदल म्हणजे राष्ट्रीय संघातील ज्येष्ठ खेळाडू निवृत्त होऊन त्यांच्या जागी तरुण खेळाडू स्थिरावण्याची प्रक्रिया होय. हा बदल प्रत्येक सांघिक खेळात अटळ असतो. भारतीय हॉकीच्या इतिहासात मात्र त्याचे दोन स्पष्ट प्रकार दिसतात. एका प्रकारात जुने व नवे खेळाडू काही वर्षे एकत्र खेळतात आणि अनुभव हळूहळू पुढे सरकतो. दुसऱ्या प्रकारात ही साखळी मध्येच तुटते आणि संघाला नव्याने उभे राहावे लागते.

स्वरूप

हॉकीत वयाचा परिणाम खेळाडूच्या स्थानानुसार कमीअधिक जाणवतो. आघाडीपटू व मध्यरक्षक यांना अल्प अंतरात वारंवार वेगाने धावावे लागते. त्यामुळे त्यांच्या खेळात वयाचा प्रभाव लवकर दिसतो. गोलरक्षकाला चपळाई लागतेच, पण चेंडूचा अंदाज घेणे आणि बचावफळीला सतत सूचना देणे ही कामे अनुभवाने अधिक चांगली होतात. म्हणून गोलरक्षकांची कारकीर्द बहुधा लांबते.

पूर्वी ३५ मिनिटांच्या दोन सत्रांत होणारा सामना आता १५ मिनिटांच्या चार सत्रांत खेळला जातो. खेळाडू कितीही वेळा बदलता येत असल्याने खेळाचा वेग वाढला आहे. ऑलिंपिकसाठी मुख्य संघात केवळ १६ जणांना स्थान मिळते. ज्येष्ठाला ठेवावे की नवोदिताला संधी द्यावी, हा प्रश्न निवड समितीपुढे त्यामुळेच तीव्रतेने उभा राहतो.

प्रारंभीचा काळ

मेजर ध्यानचंद यांनी १९२८, १९३२ व १९३६ या तीन ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० व १९४४ च्या स्पर्धा झाल्या नाहीत आणि १९३६ च्या संघातील बहुतेक खेळाडूंची ऑलिंपिक कारकीर्द तेथेच संपली. तरीही परंपरा पूर्णपणे खंडित झाली नाही. वयाची चाळिशी ओलांडल्यानंतर ध्यानचंद पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा त्या संघात तरुण के. डी. सिंग 'बाबू' होते. बाबू १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उपकर्णधार आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कर्णधार झाले.

पुढील काळात ही साखळी अधिक घट्ट झाली. लेस्ली क्लॉडियस १९४८ ते १९६० आणि उधम सिंग १९५२ ते १९६४ या काळात प्रत्येकी चार ऑलिंपिक स्पर्धा खेळले. १९६० मध्ये रोम येथे पाकिस्तानकडून अंतिम सामना गमावल्यानंतर क्लॉडियस यांची कारकीर्द संपली. त्याच संघातील उधम सिंग चार वर्षांनी टोकियो येथे सुवर्णपदक परत मिळवणाऱ्या संघात होते.

कृत्रिम मैदानाचा परिणाम

१९७५ मध्ये भारताने क्वालालंपूर येथे विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर राहिला. गवतावर घोटवलेल्या कौशल्यापेक्षा आता वेग व शारीरिक क्षमता यांना अधिक महत्त्व आले. भारतात अशी मैदाने दीर्घकाळ मोजकीच असल्याने अनेक तरुण खेळाडू गवतावरच खेळ शिकत राहिले. ज्येष्ठांकडून मिळणारा वारसा आणि स्पर्धेत लागणारे कौशल्य यांत त्यामुळे अंतर पडले.

१९९८ ते २००८

पुण्याजवळील खडकी येथे जन्मलेले धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ३२ वर्षांनी सुवर्णपदक मिळवले. मात्र त्यानंतर लगेचच पिल्ले व इतर सहा ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. विश्रांती दिल्याचे अधिकृत कारण सांगण्यात आले. सामन्यांचे मानधन व दौऱ्यांविषयी व्यक्त केलेल्या नाराजीची ही शिक्षा असल्याचा समज तेव्हा सर्वत्र होता. पिल्ले पुढे संघात परतले आणि २००४ चे अथेन्स ऑलिंपिक हे त्यांचे चौथे व अखेरचे ऑलिंपिक ठरले. त्यावेळी ते ३६ वर्षांचे होते. भारत सातवा आला.

या काळात नवी गुणवत्ता नव्हती असे नाही. २००१ मध्ये गगन अजित सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताने होबार्ट येथे कनिष्ठ विश्वचषक जिंकला होता. परंतु त्या संघातील ड्रॅग फ्लिकचे तज्ज्ञ जुगराज सिंग २००३ मध्ये मोटार अपघातात गंभीर जखमी झाले. मुंबईचे वीरेन रास्किन्हा यांनी वयाच्या २७ व्या वर्षी व्यवस्थापनशास्त्राच्या शिक्षणासाठी खेळ सोडला. मार्च २००८ मध्ये चिलीतील सांतियागो येथे भारत ब्रिटनकडून ०–२ असा पराभूत झाला आणि १९२८ नंतर प्रथमच ऑलिंपिकसाठी अपात्र ठरला. २०१२ मध्ये लंडन येथे संघ बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिला.

२०१६ नंतरचा काळ

डिसेंबर २०१६ मध्ये भारताने लखनौ येथे बेल्जियमला २–१ असे हरवून पुन्हा कनिष्ठ विश्वचषक जिंकला. या संघातील हरमनप्रीत सिंग, मनदीप सिंग, सुमित, वरुण कुमार, सिमरनजीत सिंग व गुरजंत सिंग हे पाच वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले. तेथे त्यांच्यासोबत पी. आर. श्रीजेश, मनप्रीत सिंग व रुपिंदर पाल सिंग हे अनुभवी खेळाडू होते. कांस्यपदकाच्या सामन्यात भारताने जर्मनीवर ५–४ असा विजय मिळवला. त्यात सिमरनजीत यांनी दोन गोल केले, तर शेवटच्या क्षणांतील पेनल्टी कॉर्नर श्रीजेश यांनी अडवला. भारताचे हे ४१ वर्षांनंतरचे पहिले ऑलिंपिक पदक होते.

स्पर्धेनंतर रुपिंदर यांनी तरुणांसाठी जागा मोकळी करण्याची वेळ आल्याचे सांगून निवृत्ती घेतली. ड्रॅग फ्लिकची जबाबदारी अनेक वर्षे त्यांच्यासोबत खेळलेल्या हरमनप्रीत यांच्याकडे आधीच आली होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाच नवोदितांसह उतरलेल्या संघाने पुन्हा कांस्यपदक जिंकले. हरमनप्रीत यांनी १० गोल केले.

श्रीजेश यांनीही चौथ्या ऑलिंपिकनंतर, ३६ व्या वर्षीच निवृत्ती घेतली. कारकिर्दीच्या प्रारंभी त्यांना एड्रियन डिसूझा व भरत छेत्री यांच्यामागे थांबावे लागले होते. आपल्या अखेरच्या वर्षांत अनेक सामन्यांत त्यांनी कृष्ण बहादूर पाठक यांच्यासोबत गोलरक्षणाची सत्रे वाटून घेतली. त्यांचा १६ क्रमांकाचा गणवेश वरिष्ठ संघातून निवृत्त करण्यात आला आणि त्यांच्याकडे कनिष्ठ संघाचे प्रशिक्षकपद आले. डिसेंबर २०२४ मध्ये या संघाने कनिष्ठ आशिया चषक जिंकला. २०२५ मध्ये राजगीर येथे वरिष्ठ संघाने आशिया चषक जिंकला, तेव्हा पाठक व मुंबईचे सूरज करकेरा हे संघाचे गोलरक्षक होते.

महिला संघ

राणी रामपाल यांनी २००८ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी भारतीय संघात पदार्पण केले. त्यांच्या नेतृत्वाखाली महिला संघ टोकियो येथे चौथा आला. त्या स्पर्धेत वंदना कटारिया यांनी ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू होण्याचा मान मिळवला. टोकियोनंतर दुखापतींमुळे राणी यांचे संघातील स्थान अनिश्चित झाले. जानेवारी २०२४ मध्ये रांची येथे जपानकडून पराभव झाल्याने संघाची पॅरिस ऑलिंपिकची संधी हुकली. राणी यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये, तर ३२० आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या वंदना यांनी एप्रिल २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली. नव्या पिढीत साताऱ्याच्या वैष्णवी फाळके यांचा समावेश होतो.

व्यावसायिक लीग

भारतातील बहुतेक हॉकीपटूंचा चरितार्थ रेल्वे, सेनादले, पोलीस, तेल कंपन्या किंवा विमान कंपनी यांतील नोकरीवर चालत आला आहे. या व्यवस्थेने निवृत्तीनंतरचा आधार दिला. मात्र राष्ट्रीय संघाबाहेरील तरुणांना जागतिक दर्जाच्या खेळाडूंसोबत खेळण्याची संधी क्वचितच मिळे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगने ही उणीव काही अंशी भरून काढली. २०१७ नंतर ती बंद पडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यावेळच्या लिलावात हरमनप्रीत यांना सर्वाधिक ७८ लाख रुपयांची बोली लागली.

पिढीबदलाच्या दृष्टीने लीगचा संघरचनेचा नियम अधिक महत्त्वाचा आहे. पुरुषांच्या प्रत्येक संघातील २४ खेळाडूंमध्ये आठ परदेशी आणि किमान १६ भारतीय खेळाडूंची तरतूद होती. भारतीयांपैकी चार कनिष्ठ असणे बंधनकारक होते. त्यामुळे विशीच्या आतील खेळाडूला ऑलिंपिकपटूंसोबत सराव करता येतो. निवृत्त खेळाडूंनाही येथे नवी भूमिका मिळाली आहे. लीगच्या पुनरारंभानंतर श्रीजेश एका संघाचे हॉकी संचालक, तर राणी रामपाल महिलांच्या एका संघाच्या मार्गदर्शक झाल्या.