ढगाचा पत्ता

इंटरनेट आपल्या घरात फार गुपचूप शिरले. फ्रिज आला तेव्हा नारळ फुटला होता, टीव्ही आला तेव्हा शेजारीपाजारी जमले होते. इंटरनेट नेमके कधी आले, हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही. एके दिवशी भिंतीवर एक छोटी पेटी बसली, तिचे दिवे लुकलुकू लागले आणि घरातल्या चार माणसांची तोंडे चार दिशांना झाली. आता गॅसचा नंबर, भाच्याचे बारसे, गावच्या यात्रेतली पालखी आणि सोसायटीतले पाण्याचे भांडण, सारे त्याच पेटीतून ये-जा करते.

मी कोपरखैरण्यात राहतो आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात संगणक शिकतो. त्यामुळे इमारतीत कुणाचा मोबाइल अडला की दार आमचे वाजते. लोकांच्या शंका सोडवता सोडवता एक गोष्ट लक्षात आली, की सगळ्यांत अवघड प्रश्न आमच्या आजीचा असतो. ती साताऱ्याकडची. आजोबा बाजारात माथाडी होते, त्यांच्यामागे ती इकडे आली. एकदा गावाकडच्या बहिणीशी व्हिडिओ कॉलवर पोटभर बोलून झाल्यावर तिने विचारले, "लेका, हे समदं खरं. पर ते इंटरनेट ऱ्हातं कुठं?"

आमच्या पुस्तकात त्याला क्लाउड म्हणतात, म्हणजे ढग. हे ऐकून आजीने खिडकीबाहेर आभाळाकडे बघितले. तेवढ्यात रात्रपाळी करून आलेले बाबा दारात बूट काढता काढता म्हणाले, "ढगात कुठलं आई? महाप्याला आहे. रात्रीच डिझेल भरून आलोय."

बाबा महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये जनरेटर सांभाळतात. डेटा सेंटर म्हणजे काय, हे त्यांच्याइतक्या सोप्या भाषेत मला कुणी सांगितलेले नाही. खिडक्या नसलेली एक मोठी इमारत. आत माणसापेक्षा उंच कपाटांच्या रांगा आणि कपाटांत चोवीस तास चालणारे संगणक. हे संगणक भयंकर तापतात, म्हणून थंडावा अखंड हवा. वीज गेली की पहिला भार बॅटऱ्या उचलतात. काही सेकंदांत जनरेटर सुरू होतात आणि भार त्यांच्यावर जातो. हे काही सेकंद चुकता कामा नयेत, यासाठी बाबांची नोकरी.

आता हे सगळे नवी मुंबईतच का? उत्तर भूगोलात आहे. आपल्या देशाला जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या बऱ्याच केबली मुंबईच्या किनाऱ्यावर येतात. बँका आणि शेअर बाजार मुंबईत. पण मोठ्या जागा आणि उद्योगांसाठी ओढलेल्या विजेच्या तारा खाडीच्या या बाजूला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. महाप्याहून मुंबईला निरोप पोचायला एक हजारांश सेकंदही लागत नाही. अमेरिकेला जाऊन परत यायला मात्र सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. आपल्याला तेवढ्याने फरक पडत नाही, व्यापाराला पडतो. म्हणून ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अशा इमारती उभ्या राहिल्या आणि २०२० साली पनवेलजवळही एक भलेमोठे केंद्र सुरू झाले.

केबलीचे हे नाते तसे जुने आहे. तारायंत्राची केबल एडनहून मुंबईला आली ती १८७० साली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९.६ किलोबिट एवढाच वेग मिळे. आज आजीच्या मोबाइलवर पापणी लवायच्या आत येणारा पणतवंडाचा ३ मेगाबाइटचा फोटो त्या वेगाने उतरायला ४२ मिनिटे लागली असती. तोवर पोर झोपून उठले असते! आणि वेग कितीही वाढला तरी तार ती तारच. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबली तुटल्या, तेव्हा आपल्याकडचे इंटरनेटही मंदावले होते.

बाबांची नोकरी मला खऱ्या अर्थाने कळली ती १२ ऑक्टोबर २०२० रोजी. त्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबई विद्यापीठाला त्या दिवसाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. मी दहावीत होतो. शाळा मोबाइलवर भरायची, ती बंद पडली. आमच्या इमारतीत पाण्याचा पंप बंद, लिफ्ट बंद, आजी वर्तमानपत्राने वारा घेत बसलेली. बाबांची सकाळपाळी होती. ते रात्री उशिरा आले ते कानात दडे बसलेलेच. दिवसभर एकेका जनरेटरचे तेल, तापमान, टाकीतले डिझेल बघत ते उभे होते. आम्ही घरी उकाड्यात, आणि कुणा अनोळखी माणसांच्या फोटोंना गारवा मिळावा म्हणून बाबा घामाने निथळत होते. "बंद नाही पडू दिलं," एवढेच ते बोलले आणि जेवायला बसले.

त्या जागेशी त्यांचे नाते आधीपासूनचे आहे. त्याच रस्त्यावर पूर्वी रंगांचा कारखाना होता. बाबा तिथे फिटर म्हणून लागले. कारखाना बंद झाला, माणसे पांगली. काही गावी गेली, काही रिक्षा चालवू लागली. बाबांना यंत्राचा आवाज ऐकून दुखणे कळते, म्हणून त्यांना पुन्हा काम मिळाले. मी एकदा विचारले, "बाबा, तेव्हा बरं होतं की आता?" ते म्हणाले, "पगार आता बरा, वेळेवर. पण तेव्हा पाळी सुटली की टपरीवर चहाला नंबर लावायला लागायचा. आता टपरीवाला मला लांबून बघूनच चहा ओततो."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण आता नोकरीच्या मुलाखती जवळ आल्या आहेत आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना 'क्लाउड'मध्येच काम हवे आहे. आम्हाला शिकवतात, की एक सर्व्हर पडला तर काम आपोआप दुसऱ्यावर जाते. त्या 'आपोआप'मध्ये कुणाची तरी रात्रपाळी असते, कुणाची रविवारची सुट्टी असते, हे आमच्या अभ्यासक्रमात नाही. शिवाय प्रोग्राम लिहिणारे प्रोग्रामही आता आले आहेत. उद्या आमच्या टपरीवरची गर्दी किती उरेल, सांगता येत नाही. बाबांना वाटते, मी वरच्या मजल्यावर, थंड खोलीत बसावे. मला वाटते, कुठेही बसलो तरी खालच्या जनरेटरचा आवाज आपल्या कानाला ओळखता यावा.

सणासुदीला आपण शेकड्याने शुभेच्छा पाठवतो. त्या रात्री तिथल्या कुणालाही रजा मिळत नाही. गेल्या दिवाळीत पहिल्या अंघोळीला बाबा घरी नव्हते. आजीने त्यांच्यापुरते उटणे वाटीत झाकून ठेवले. ते आले तेव्हा साडेआठ वाजले होते, ऊन पार गॅलरीत उतरले होते. शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "आजी, सूर्य उगवल्यावर अंघोळ म्हणजे नरक हो!" आजी बाबांच्या पाठीला तेल चोळत होती. मान वर न करताच म्हणाली, "रातभर दुसऱ्यांचं राखून आलाय. त्याला कसला नरक?"