मुलांचा रक्तदाब कोण मोजणार?

रक्तदाब म्हणजे म्हाताऱ्यांचा, बसून खाणाऱ्यांचा आजार, असा आपला पक्का समज. मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेपासून मुंबईपर्यंत तो सारखाच आहे आणि तो लेकरांच्या जिवावर बेततो.

कष्टकऱ्यांच्या वस्तीत मुलांना खरूज होते, अंगावर फोड येतात, घसा धरतो. आपण दुर्लक्ष करतो. त्यातल्या काही मुलांचे डोळे दोन-तीन आठवड्यांनी सकाळी सुजलेले दिसतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. ही मूत्रपिंडाची सूज असते. रक्तदाब चढतो, कधी झटकेही येतात. मग कुणीतरी म्हणते, बाहेरची बाधा! आणि लेकरू मांत्रिकापुढे ठेवले जाते. तेच लेकरू वेळेवर रुग्णालयात नेले, लघवी वाढवणारे आणि रक्तदाब उतरवणारे औषध दिले, तर बहुतेक वेळा बरे होते. पुढे औषधही बंद होते.

मूत्रपिंड कायमचे बिघडले असेल तर मात्र एनालाप्रिलसारखी गोळी वर्षानुवर्षे लागू शकते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात ज्या मुलांचा रक्तदाब औषधाने अधिक खाली ठेवला, त्यांचे मूत्रपिंड जास्त काळ टिकले. म्हणून बरे वाटले की गोळी सोडायची नाही. आजोबांची गोळी अर्धी करून नातवाला द्यायची नाही. मुलाची मात्रा वजनावर ठरते. वजन वाढल्याने रक्तदाब चढला असेल तर बहुधा आधी मीठ, पाकिटातले खारे पदार्थ कमी आणि मैदानी खेळ. तेवढ्याने भागले नाही तर औषध.

पण मोजणार कोण? राष्ट्रीय कार्यक्रमातली रक्तदाबाची सरसकट तपासणी ३० वर्षांपुढच्यांची. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ ३० आजारांच्या यादीत उच्च रक्तदाब नव्हताच. मोठ्यांचा पट्टा मुलाच्या बारीक दंडाला बांधला तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो आणि आजार लपून राहतो.

राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. तेव्हा धामणगाव बढेच्या ग्रामसभेत आणि सरकारी दवाखान्यात आपण एकच प्रश्न विचारू या : मुलांच्या दंडाचा पट्टा आहे का? असेल तर शाळेत आणा. नसेल तर मागवा. आम्ही उपकार मागत नाही, हक्क मागतो.