‘सामना’ आणि प्रेक्षक : “एकरूप झालात का?” हा प्रश्न का पुरत नाही

चित्रपटाच्या प्रेक्षकांवर संशोधन करायचं ठरवलं की प्रश्नावलीत एक प्रश्न हमखास येतो : “या पात्राशी तुम्ही एकरूप झालात का?” प्रश्न सोपा वाटतो, पण तो तीन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबतो. ‘सामना’ घेऊन बघू.

विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. गावावर साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटलाची (निळू फुले) सत्ता आहे. तिथे एक दारुडा मास्तर (साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू) येतो आणि नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो. गाव गप्प असतं.

मरे स्मिथ या अभ्यासकाने १९९५ च्या पुस्तकात पात्राशी जुळण्याचे तीन स्तर सांगितले. मराठीत त्यांना ओळख, सोबत आणि बाजू म्हणू.

ओळख : हा माणूस कोण, कसा, हे मनात उभं राहणं. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात कारखान्याचा चेअरमन म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सोबत : कथा कुणाच्या मागे चालते, कुणाच्या मनातलं आपल्याला कळतं. ‘सामना’त आपण बराचसा शोध मास्तरबरोबर घेतो.

बाजू : कोण बरोबर वाटतं. हिंदूरावाच्या बोलण्यावर हसणारा प्रेक्षक त्याच्या बाजूचा असेलच असं नाही. अंधाऱ्या कथा पकड घेतात त्या इथेच. माणूस ओळखीचा वाटतो, त्याचा सहवास आवडतो, पण मन त्याला माफ करत नाही.

म्हणून तिन्हींसाठी वेगळे प्रश्न करा. नाहीतर “एकरूप झालो” या उत्तराचा अर्थच लागणार नाही.

आता खरी अडचण. ज्याचा ऊस कारखान्याला जातो किंवा ज्याच्या घरचं कुणी तिथे नोकरीला आहे, त्याला चावडीवर सगळ्यांसमोर “तुम्ही कुणाच्या बाजूचे?” विचारलंत, तर तो कदाचित “पिक्चर चांगला आहे” म्हणून उठेल. चित्रपटातल्या गावाचं मौन तुमच्या तक्त्यात ‘तटस्थ’ म्हणून नोंदलं जाईल. त्यामुळे बाजूचा प्रश्न एकट्याला, शेवटी विचारा. उत्तर न देण्याची मोकळीक द्या आणि ‘उत्तर दिलं नाही’ हा रकाना ‘तटस्थ’पासून वेगळा ठेवा. नाव आणि गाव प्रबंधात येणार नाही, हे आधीच सांगा आणि पाळा.