घराचेही पडिलेहण

आपले साधू-साध्वी सकाळ-संध्याकाळ वस्त्र-पात्रांचे पडिलेहण करतात. वस्तू नीट निरखल्याशिवाय वापरायची नाही, हा त्यामागचा विवेक. व्यापारातही आपण तसेच वागतो. यवतमाळ, वणी, पुसदच्या बाजारात कापूस घेताना आपण तो हातात घेऊन तंतूची लांबी आणि ओलावा पाहतो. घर घेताना मात्र ताजा रंग आणि चकचकीत फरशी पाहून बयाणा देऊन मोकळे होतो.

बँकेत कर्ज विभागात असताना एका कुटुंबाच्या मूल्यांकन अहवालात एक ओळ होती : ‘मागील कोपऱ्यात तिरकी भेग, चालू स्वरूपाची.’ वडिलांनी विचारले, “कर्ज किती मिळेल?” मी आकडा सांगितला. त्या ओळीचा अर्थ त्यांनी विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. दोन पावसाळ्यांनंतर भिंत कोपऱ्यातून सुटली. दुकानात माल भरण्यासाठी ठेवलेली रक्कम दुरुस्तीत गेली. ती खंत अजून मनात आहे. म्हणून अशा अहवालांत वारंवार येणाऱ्या काही शब्दांचा अर्थ येथे देत आहे.

भेग : आपल्या जिल्ह्याला कापूस देणारी काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर तिच्याबरोबर घरही हलते. भारतीय मानक ब्युरोच्या पुस्तिकेनुसार एक मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची भेग बारीक, एक ते दोन मिलिमीटरची मध्यम आणि त्याहून मोठी ती रुंद. प्लास्टरवरची केसासारखी भेग बहुधा निरुपद्रवी असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढणारी भेग मात्र पायाकडे बोट दाखवते. ‘चालू’ भेग म्हणजे अजून वाढणारी. ती ओळखण्यासाठी अभियंते भेगेवर काचेची पट्टी चिकटवतात. पट्टी तडकली, तर भेग जिवंत आहे. नवे घर बांधत असाल तर ‘अंडर-रीम्ड पाइल’ हा शब्द लक्षात ठेवा. खाली रुंद फुगवटा असलेले हे खांब फुगणाऱ्या-आकसणाऱ्या थराच्या खाली जाऊन घर धरून ठेवतात. काळ्या मातीसाठी ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली.

ओल : ‘चढती ओल’ जमिनीतून भिंतीत वर सरकते आणि साधारणपणे कमरेच्या उंचीपर्यंत दिसते. जोत्यावरचा ओलरोधक थर, म्हणजे ‘डीपीसी’, नसल्याची किंवा निकामी झाल्याची ती खूण. वरून खाली येते ती ‘झिरपण’. तिचे मूळ गच्चीत, न्हाणीघरात किंवा नळाच्या सांध्यात असते. भिंतीवर पांढरा खार फुटला असेल तर पाणी आतून येत आहे असे समजावे. नुसता रंग लावल्याने ती ओल जात नाही, काही महिने झाकली जाते एवढेच. ओलीबरोबर बुरशी आणि वाळवी येते, आणि मग औषध फवारण्याशिवाय मार्ग राहत नाही. ओलच येऊ न देणे हीच खरी जीवदया.

स्लॅबची खपली : सळई गंजली की गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडून बाहेर ढकलतो. छताची खपली पडलेली दिसल्यास केवळ प्लास्टर करून घेऊ नये. आत किती सळई शिल्लक आहे, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे.

भारवाही भिंत : खाली दुकान, वर घर अशी आपली जुनी रचना. शोरूमसाठी मधली भिंत काढावी, असा विचार पुढच्या पिढीत हटकून निघतो. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत वजन कॉलम आणि बीम पेलतात. जुन्या विटा-दगडांच्या घरात तेच वजन भिंत पेलते. अहवालात ‘भारवाही’ असा शब्द असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय त्या भिंतीला हात लावू नये. वरच्या मजल्यावर आपलीच माणसे झोपलेली असतात.

उर्वरित आयुष्य : इमारत आणखी किती वर्षे वापरण्याजोगी राहील, याचा मूल्यांककाचा हा अंदाज असतो. कर्जाची मुदत त्याहून लांब असेल, तर बँक सहसा नकार देते किंवा मुदत घटवते. घर अजून दिमाखात उभे असतानाही असे का होते, याचे उत्तर या दोन शब्दांत असते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मूल्यांकक तारणाची किंमत पाहतो. इमारतीच्या प्रकृतीची सखोल तपासणी हे वेगळे काम आहे आणि ते आपण स्वतः करून घ्यावे लागते.

चटई क्षेत्र आणि दोष-दायित्व : रेरा कायदा, 2016 नुसार चटई क्षेत्रात आतील भिंती धरतात, बाहेरील भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. त्याच कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष आढळून तो कळवला, तर विकासकाने 30 दिवसांत तो विनामूल्य दूर करायचा असतो. म्हणून तक्रार लेखी द्यावी, तारखेसह छायाचित्रे जपावीत आणि पोच घ्यावी.

शक्य असल्यास घर भर पावसाळ्यात पाहावे, तेव्हा भिंती खरे बोलतात. नाहीतर रंगरंगोटी होण्यापूर्वी तरी पाहावे. स्वतंत्र अभियंत्याची फी घराच्या किमतीपुढे अगदी थोडी असते. अहवाल हाती आला की कुटुंबाने एकत्र बसून तो वाचावा आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारावी. त्या प्रत्येक रेघेचा अर्थ समजल्यावरच सही करावी. व्यवहार दोन दिवस लांबला तरी चालेल.